मिंग घराणं चांदी आटल्यामुळे पडलं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोळाव्या-सतराव्या शतकात चीन जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक होता, अमेरिका आणि जपानमधली चांदी तिकडे ओढली जात होती. मग १६४४ साली मिंग घराणं तिजोरी रिकामी होऊन पडलं कसं? परदेशातून येणारी चांदी आटली म्हणून असं झालं हे तुम्ही ऐकलंत, ते खरं का? आणि पैसा संपला की घराणं पडतं, हा नियम चीनच्या बाकीच्या राजघराण्यांनाही लागू होतो का?

मी सत्तावीस वर्षं महाविद्यालयात आर्थिक इतिहास शिकवला आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं चीनचा पेपर माझ्याकडे होता. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. सुरुवातीला मीही चांदीचंच कारण सांगायची, कारण ते सुटसुटीत आहे आणि फळ्यावर छान मांडता येतं. नंतर मिंग काळातल्या कर-आकारणीचे तपशील वाचत गेले तसं ते उत्तर अपुरं वाटायला लागलं.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. देशात संपत्ती किती होती, हा एक. त्यातली दरबाराच्या हाती किती लागत होती आणि हवी तिथे, हवी तेव्हा पोचत होती का, हा दुसरा. चीनच्या इतिहासात या दोहोंमधलं अंतर कधी कमी, कधी प्रचंड असतं. म्हणून कुठलंही घराणं अभ्यासायला घेतलं की मी सम्राटांची नावं आणि लढाया थोड्या बाजूला ठेवते आणि आधी सारावसुली बघते. सारा कशात घेतात: धान्यात, कापडात, वेठीत, तांब्याच्या नाण्यांत की चांदीत? कोणाकडून घेतात आणि कोणाला माफ असतो? जमिनीच्या नोंदी किती जुन्या आहेत? आणि जमा झालेलं सीमेवरच्या शिपायापर्यंत कसं पोचतं? एवढं कळलं की घराण्याचं पुढे काय होणार याचा बराच अंदाज येतो.

एक सावधगिरी सुरुवातीलाच सांगते. आपल्याला मिळणारे आकडे बहुतेक वेळा ठरवलेल्या वसुलीचे असतात, प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेचे नव्हेत. त्यामुळे आकड्याला आकडा जोडून निष्कर्ष काढताना जपून राहावं लागतं.

आता मिंग. वर्गात मी विद्यार्थ्यांना एक गृहपाठ द्यायचे. समजा तुम्ही १६३९ सालचे छोंगझेन सम्राट आहात. ईशान्येला मांचू फौजा चिनी भिंतीच्या आत येऊन लुटालूट करून जाताहेत. वायव्येला शान्शीमध्ये (शीआन शहराचा प्रांत) दहा-बारा वर्षं दुष्काळ आणि बंडाळी आहे. दोन्हीकडे सैन्य पोसायचं आहे. पैसा कुठून आणाल? मुलांची उत्तरं ठरलेली असायची: नोटा छापू, कर्ज काढू, व्यापारावर कर लावू, श्रीमंतांकडून घेऊ, खर्च कमी करू, नाहीतर शेतसारा वाढवू. मग आम्ही एकेक वाट तपासायचो. तीच इथे तपासते, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

नोटा. मिंगचा संस्थापक झू युआनझांग याने १३७५ मध्ये कागदी चलन काढलं होतं. तुतीच्या सालीच्या कागदावरची ती नोट वहीच्या दोन पानांएवढी मोठी असे आणि खोटी नोट बनवणाऱ्याचा शिरच्छेद होईल अशी ताकीद तिच्यावर छापलेली असे. पण ती नोट देऊन खजिन्यातून चांदी किंवा नाणी मिळत नसत. मागे काही ठेवलेलंच नव्हतं. काही दशकांत तिची किंमत इतकी उतरली की बाजाराने ती सोडून दिली आणि सरकारने बंदी घातलेली असतानाही लोक चांदी तोलून व्यवहार करू लागले. त्याआधी युआन, म्हणजे मंगोल घराण्याने हीच वाट चोखाळली होती. कुबलाई खानाच्या १२६० च्या नोटा सुरुवातीला चांगल्या चालल्या, पण १२८७ मध्ये नवी एक नोट जुन्या पाच नोटांच्या बरोबरीची ठरवावी लागली. १३५० मध्ये दरबाराने पुन्हा नवं चलन काढलं आणि पुढच्याच वर्षी पीत नदीच्या कामासाठी दीड लाख माणसं वेठीला धरली. त्या वेठबिगारांमधूनच लाल फेट्यांचं बंड पेटलं. त्या बंडातूनच झू युआनझांग वर आला होता. एवढ्या अनुभवानंतर १६४३ मध्ये मिंग दरबारात पुन्हा नोटा काढण्याचा बेत झाला, तेव्हा त्या घ्यायला कुणी तयार नव्हतं यात नवल नाही. ती वाट दोनशे वर्षांपूर्वीच बंद झाली होती.

कर्ज. दरबाराने सावकारांकडून मुदतीने पैसे घ्यायचे, व्याज द्यायचं आणि त्यासाठी एखादं उत्पन्न तारण ठेवायचं, अशी कायमची वहिवाट मिंग चीनमध्ये नव्हती. त्याच काळात नेदरलँड्सचे प्रांत अशा कर्जांवर स्पेनशी लढत होते. म्हणजे युद्धाचा खर्च पुढच्या वीस वर्षांवर वाटून टाकता येत होता. मिंगला मात्र यंदाचं युद्ध यंदाच्याच वसुलीतून लढायचं होतं.

व्यापारावर कर. इथे जरा थांबते, कारण चांदीच्या गोष्टीचा गाभा इथे आहे. चीनमध्ये चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. चांदी आली जपानच्या इवामीसारख्या खाणींतून आणि दक्षिण अमेरिकेत १५४५ मध्ये सापडलेल्या पोतोसीच्या डोंगरातून. १५६७ मध्ये मिंग दरबाराने फुजियानच्या किनाऱ्यावर समुद्रव्यापाराची बंदी सैल केली, १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला वसवलं, आणि रेशीम देऊन चांदी घ्यायचा मार्ग मोकळा झाला. दुसरा मार्ग आपल्या गोव्यातून जात होता. चीन आणि जपान यांच्यातला थेट व्यापार बंद असल्यामुळे पोर्तुगीज मधले व्यापारी झाले. त्यांची मोठी गलबतं गोव्याहून निघून मलाक्का आणि मकाव करत नागासाकीला जात, चिनी रेशीम तिथे विकत आणि जपानी चांदी घेऊन मकावला परतत. चांदी येत होती हे निर्विवाद आहे.

पण त्यातून दरबाराला काय मिळालं? फुजियानमधल्या युएगांग बंदराची जकात, म्हणजे ज्या बंदरातून मनिलाचा व्यापार अधिकृतपणे चालत होता त्याचं उत्पन्न, १५९४ मध्ये २९ हजार लियांग होतं. लियांग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम चांदी. हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण लवकरच आपण पन्नास लाखांच्या गोष्टी करणार आहोत. जगातली चांदी ज्या दारातून आत येत होती, त्या दारावर दरबार जवळजवळ काहीच घेत नव्हता. चांदीची नाणीही सरकार पाडत नव्हतं. चांदी तुकड्यांत, तोलून चालत असे. त्यामुळे नाणं पाडण्यातून राजाला जो फायदा मिळतो तोही नाही आणि बाजारात चलन किती असावं यावर नियंत्रणही नाही. संस्थापकाला व्यापाऱ्यांवर विश्वास नव्हता. दुष्काळात आईबाप गमावलेला तो शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याची करव्यवस्था खेड्यातलं धान्य आणि खेड्यातले हात यांवर उभी होती. ती त्या काळाला शोभत होती. दोनशे वर्षांनी देश बदलला आणि व्यवस्था तिथेच राहिली.

श्रीमंतांकडून घेणं. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अधिकारी घराण्यांना वेठीतून आणि काही करांतून सूट होती. सूट मिळालेल्या माणसाच्या नावावर शेजाऱ्यांनी आपल्या जमिनी चढवायच्या, हा प्रकार सर्रास चालत असे. परिणामी यांगत्सेच्या दक्षिणेकडचा, कापूस आणि रेशमाने संपन्न झालेला मुलूख कागदावर दिसत होता त्याहून कितीतरी श्रीमंत होता. झांग जुझेंग या प्रधानाने १५७० च्या दशकाअखेरीस जमिनीची नवी मोजणी सुरू करवली आणि १५८१ मध्ये सगळे कर, पट्ट्या आणि वेठ एकत्र करून चांदीत घ्यायची पद्धत देशभर लागू केली. चिनी शब्दांच्या उच्चारातल्या साम्यामुळे तिला 'एकच चाबूक' असं नाव पडलं. त्याच्या काळात तिजोरीत शिल्लक होती, राजधानीच्या कोठारांत काही वर्षांचं धान्य होतं. १५८२ मध्ये तो वारला. पाठोपाठ वानली सम्राटाने त्याची मालमत्ता जप्त केली आणि मोजणीचं काम ढेपाळलं. मला विचाराल तर मिंगच्या अर्थकारणातला सर्वांत महागात पडलेला मृत्यू हाच. नंतर कोरियात जपानशी झालेल्या लढाईत (१५९२ ते १५९८) सत्तर लाखांहून अधिक लियांग खर्ची पडले. पैसा कमी पडला म्हणून वानलीने १५९६ पासून खाणकर आणि व्यापारकर वसूल करायला राजवाड्यातले खोजे पाठवले. म्हणजे व्यापारावर कर लावायची वेळ आली तेव्हा तो नियमाने, दर ठरवून लागला नाही. लुटीसारखा लागला आणि शहरांमध्ये दंगे झाले. त्यानंतर व्यापारावरचा कर म्हटलं की लोकांना तो लूटच वाटू लागला.

खर्च कमी करणं. खर्चाची सर्वांत जड बाब राजवंशाची होती. संस्थापकाच्या सगळ्या पुरुष वंशजांना सरकारी तनखा होता आणि त्यांनी दुसरा धंदा करायचा नव्हता. १५६२ मध्ये एका अधिकाऱ्याने सम्राटाला लिहून कळवलं की राजधानीला वर्षाकाठी ४० लाख शी धान्य येतं आणि राजवंशाच्या तनख्यांना ८५ लाख ३० हजार शी लागतं. (शी हे धान्याचं माप, साधारण शंभर लिटरचं.) तनखे पुढे कापले गेले, थकवले गेले, पण मूळ ओझं उतरलं नाही. उतरवलं ते भलतंच. १६२९ मध्ये छोंगझेनने टपालचौक्यांचा खर्च छाटला. त्यात काही लाख लियांग वाचले आणि वायव्येकडच्या कोरड्या मुलखात हजारो हरकारे, मोतद्दार उपाशी पडले. शान्शीतल्या अशाच एका चौकीवर काम करणारा ली झिचेंग पुढे बंडखोरांचा सेनापती झाला आणि १६४४ च्या एप्रिलमध्ये बीजिंगमध्ये शिरला.

राहिला शेतसारा. १६१८ पासून ईशान्येला, लियाओडोंगमध्ये मांचूंविरुद्ध उघडलेल्या आघाडीसाठी दर मूमागे जादा पट्टी बसली. १६२० पर्यंत ती ९ ली झाली, म्हणजे लियांगचे ९ सहस्रांश. एक मू म्हणजे साधारण सहा गुंठे. हिशेब करून बघा: सहा गुंठ्यांवर वर्षाला एक तृतीयांश ग्रॅम चांदी. देशभरातून हे ५२ लाख लियांग होत होते. १६३७ मध्ये बंडखोरांशी लढण्यासाठी दुसरी पट्टी आली, १६३९ मध्ये सैन्याच्या प्रशिक्षणासाठी तिसरी. तिन्ही मिळून कागदावर दीड कोटीच्या पुढे.

माझा वर्ग इथे दरवेळी गोंधळायचा. सहा गुंठ्यांना एक तृतीयांश ग्रॅम, त्याची दुप्पट-तिप्पट धरली तरी हे काही मारून टाकणारं ओझं नव्हे. मग शेतकरी कशामुळे उठले? कारण पट्टी सरसकट होती आणि जमीन सरसकट नव्हती. यांगत्सेच्या खोऱ्यातल्या पाणथळ भाताच्या सहा गुंठ्यांना आणि शान्शीतल्या पिवळ्या मातीच्या कोरड्या सहा गुंठ्यांना दर तोच. शिवाय ज्यांना सूट होती त्यांचा वाटा शेजाऱ्यांवर पडत होता. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कर चांदीत भरायचा होता. दक्षिणेकडच्या शेतकऱ्याकडे रेशीम, सुती कापड, बाजारपेठ होती. चांदी त्याच्या दाराशी येत होती. शान्शीत ती येतच नव्हती. गू यानवू हा विद्वान मिंगनंतर आलेल्या चिंग (मांचू) राजवटीच्या सुरुवातीला त्या भागात फिरला. पीक चांगलं आलेलं, धान्य भरपूर, आणि तरी लोक बायकामुलं विकताहेत, असं त्याने लिहून ठेवलं. कारण त्याने सरळ सांगितलं आहे: धान्य आहे, चांदी नाही. हे वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं जुनं, सुटसुटीत उत्तर मोडलं.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर येते. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना हाकललं, त्याच सुमाराला मनिलात चिनी व्यापाऱ्यांची मोठी कत्तल झाली आणि तिथला व्यापार विस्कटला, हे खरं आहे. त्यावरून चांदी आटली आणि मिंग कोसळले असा सिद्धान्त मांडला गेला. पण जपानी चांदी डच आणि चिनी जहाजांतून येतच राहिली, आणि एकूण आवक किती घटली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी आणखी एक साधी कसोटी लावते. चांदी दुर्मिळ झाली असती तर चांदीतले भाव उतरायला हवेत. १६४० ते १६४२ मध्ये धान्याचे भाव उलट प्रचंड चढले, कारण दुष्काळ आणि टोळधाड होती. अर्थात दुष्काळाने चांदीटंचाईचा परिणाम झाकला गेला असेल, असाही युक्तिवाद होतो आणि तो मी उडवून लावणार नाही. तरी माझं मत असं आहे की चांदी देशात होती. ती दक्षिणेत आणि घराघरांत पुरून ठेवलेली होती, आणि सैन्य उत्तरेत होतं.

याचा शेवटचा पुरावा बीजिंगमध्येच मिळतो. ली झिचेंगची फौज जवळ येत असताना सम्राटाने दरबाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे देणग्या मागितल्या. त्याच्या सासऱ्याने गरिबीचं रडगाणं गाऊन किरकोळ रक्कम दिली. शहर पडल्यावर बंडखोरांनी त्याच सासऱ्याचा छळ करून त्याच्याकडून लाखांनी चांदी काढली. सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास लावून घेतला होता.

तेव्हा मिंगपुरतं उत्तर असं: परदेशी चांदी कमी झाल्याने धक्का बसला असेल, पण घराणं पडलं ते देशातल्या संपत्तीपर्यंत दरबाराचा हात पोचत नव्हता म्हणून. नोट मेलेली, कर्जाची सोय नाही, व्यापार जवळजवळ करमुक्त, श्रीमंतांना सूट, आणि सगळा भार ज्यांच्याकडे चांदी नव्हती त्यांच्यावर. त्यात हवामानाने घाला घातला.

हे बाकीच्यांना लागू होतं का? काहींना होतं, पण प्रत्येकाचं कुलूप वेगळं आहे. हान घराण्यावर मी फार वेळ घेत नाही. सम्राट वूदी गादीवर आला तेव्हा खजिन्यातल्या नाण्यांच्या माळांचे दोर कुजले होते आणि कोठारातलं धान्य सडत होतं, असं त्या काळचा इतिहासकार सीमा छियन सांगतो. शियोंग्नू भटक्यांशी दशकानुदशकं लढून ते संपलं, तेव्हा मीठ आणि लोखंड सरकारच्या मक्त्याखाली आलं. सरकारने धंदा करावा का, यावर इ.स.पू. ८१ मध्ये दरबारात जाहीर वाद झाला. त्यातले दोन्ही बाजूंचे मुद्दे पुढे दोन हजार वर्षं चिनी दरबारांत पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

तांग घराण्याची गोष्ट मात्र मला सर्वांत शिकवणारी वाटते, कारण ते घराणं एकदा मोडून पुन्हा उभं राहिलं आणि ते उभं राहणं निव्वळ कराच्या रचनेमुळे घडलं. आधी त्यांची पद्धत अशी होती: सरकार प्रौढ पुरुषाला जमीन देणार, तो दरडोई धान्य, कापड आणि श्रम देणार. यासाठी प्रत्येक घराची अचूक नोंद हवी. ७५५ मध्ये आन लुशानचं बंड झालं. त्या वर्षी नोंदीत सुमारे ८९ लाख कुटुंबं होती. ७६४ मध्ये २९ लाख. ही सगळी माणसं मेली असं विद्यार्थी लिहायचे आणि मी लाल शाईने खूण करायचे. पुष्कळ मेली, पण बरीचशी पळाली, किंवा आता दरबाराला न जुमानणाऱ्या सुभेदारांच्या मुलखात राहिली. वही फाटली होती.

वहीशिवाय कर कसा घ्यायचा? ७५८ मध्ये दरबाराने मीठ ताब्यात घेतलं आणि दहा नाण्यांना मिळणारं माप एकशे दहाला विकायला सुरुवात केली. लिऊ यान या अधिकाऱ्याने त्यात फार सुंदर सुधारणा केली. मीठ जिथे तयार होतं तिथेच कर लावून ते व्यापाऱ्यांना विकायचं. पुढे त्यांनी ते कुठेही न्यावं. मिठागरं किनाऱ्यावर आणि विहिरींच्या काही ठिकाणीच असतात, तेवढी सांभाळली की पुरे. बंडखोर सुभेदाराच्या मुलखातला माणूस दरबाराला सारा देत नव्हता, पण जेवणात मीठ घालत होता, आणि त्या मिठात कर होता. ७७९ च्या सुमाराला दरबाराच्या रोख उत्पन्नाचा निम्मा भाग मिठातून येत होता. ७८० मध्ये यांग यानने माणूस मोजणं सोडून मालमत्ता आणि जमीन बघून वर्षातून दोनदा कर घ्यायची पद्धत आणली. या दोन गोष्टींवर तांग आणखी सव्वाशे वर्षं टिकले.

पण ते टिकणं एका कालव्याच्या धाग्यावर होतं. आधीच्या सुई घराण्याने खणलेला महाकालवा दक्षिणेचं धान्य उत्तरेला आणत होता. ७८६ मध्ये तो मार्ग तुटलेला असताना राजधानी छांगआनमधलं धान्य संपलं आणि शिपाई बंडाच्या उंबरठ्यावर आले. तेवढ्यात दक्षिणेचा तांदूळ शान या गावापर्यंत पोचल्याची बातमी आली, तेव्हा सम्राट देझोंग धावत युवराजाकडे गेला आणि म्हणाला की तांदूळ आला, आपण बापलेक वाचलो. शिवाय मीठ महाग ठेवलं की चोरटं मीठ येणारच. ज्याने ८८० च्या हिवाळ्यात छांगआन लुटलं तो हुआंग छाओ मिठाचा चोरटा व्यापारीच होता. ज्या कराने घराणं तारलं त्यानेच त्याचे मारेकरी पोसले, हे मी कुठल्याही वर्गाला सांगताना अजून अस्वस्थ होते.

सोंग घराणं तुमच्या नियमाला अपवाद आहे. पैसा संपून ते पडलं नाही. निदान पहिल्यांदा तरी नाही. व्यापार, मीठ, चहा, मद्य यांवरचे कर इतके वाढले की शेतसारा मागे पडला. १०८० च्या सुमाराला वर्षाला पन्नास लाखांहून अधिक माळा तांब्याची नाणी पाडली जात होती, प्रत्येक माळेत नाममात्र हजार नाणी. ती जपानपर्यंत गेली, तामिळनाडूतही सापडली. सिचुआनमध्ये जड लोखंडी नाणी चालत. त्या ओझ्याला कंटाळून व्यापाऱ्यांनी पावत्या काढल्या, १०२३ मध्ये सरकारने तो कारभार हाती घेतला, आणि सुमारे साडेबारा लाख माळांच्या नोटांमागे ३ लाख ६० हजार माळा लोखंडी नाणी राखून ठेवली. मिंगच्या नोटेशी तुलना करा. उत्तरेकडच्या लियाओ राज्याला १००५ च्या तहानुसार दरवर्षी १ लाख लियांग चांदी आणि २ लाख ठाण रेशीम द्यावं लागे. बऱ्याच जणांना ही नामुष्की वाटते. मला तो समंजस सौदा वाटतो, कारण साडेबारा लाख सैन्य पोसण्याच्या खर्चापुढे ही रक्कम लहान होती.

त्यांच्याकडे नव्हते ते घोडे. कुरणांचा उत्तरेकडचा मुलूख हातातून गेलेला होता. १०७४ मध्ये सिचुआनचा चहा देऊन तिबेटी सरहद्दीवरून घोडे घ्यायचं सरकारी खातंच उघडलं, तरी ते पुरेसे आणि चांगले मिळाले नाहीत. ११२७ मध्ये जुर्चेन घोडेस्वारांनी राजधानी कायफेंग घेतली तेव्हा हे जगातलं सर्वांत श्रीमंत सरकार असावं. संपत्तीने घोड्याचं कुरण विकत घेता येत नाही, आणि इथे माझं करांचं तर्कशास्त्र अपुरं पडतं हे मान्य करायलाच हवं. दक्षिणेत गेल्यावर दीडशे वर्षांनी मात्र नोटांचा अतिरेक आणि जबरीची जमीनखरेदी यांनी त्यांनाही पोखरलं.

चिंग घराण्याने, म्हणजे मांचूंनी, मिंगच्या जादा पट्ट्या रद्द करून सुरुवात केली, आणि १७१२ मध्ये कांगशी सम्राटाने जाहीर केलं की वाढीव माणसांवर यापुढे कधीही डोईपट्टी वाढणार नाही. उदार, लोकप्रिय निर्णय. पण लोकसंख्या पुढच्या सव्वाशे वर्षांत दुपटीहून वाढली आणि वसुलीची चौकट जवळजवळ गोठलेली राहिली. जिल्ह्याचा कारभार मग बेकायदा वर्गणीवर चालू लागला. योंगझेंग सम्राटाने १७२४ मध्ये चांदी वितळवण्याच्या नावाने उकळला जाणारा जादा पैसा अधिकृत करून अधिकाऱ्यांना 'सचोटी पोसण्यासाठी' वेगळा भत्ता दिला. मला तो चीनच्या इतिहासातल्या सर्वांत प्रामाणिक अर्थसुधारणांपैकी एक वाटतो. तोही पुढे गोठला. १७९६ ते १८०४ चं श्वेतकमळ बंड मोडायला दहा कोटी लियांगच्या आसपास लागले आणि जमवलेली शिल्लक संपली.

आणि मग अफू. तिचा एक मोठा भाग आपल्याकडून गेला: शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू आधी दमणमार्गे आणि १८३१ नंतर परवाने घेऊन मुंबईमार्गे कँटनला जात असे. जमशेटजी जीजीभाईंची दौलत कापूस आणि याच व्यापारातून उभी राहिली. चांदी आता उलटी चीनमधून बाहेर वाहू लागली. शेतकरी कमावत होता तांब्याच्या नाण्यांत आणि कर ठरलेला चांदीत. एका लियांगला पूर्वी हजाराच्या आसपास नाणी पडत, ती १८४० च्या दशकात दोन हजारांवर गेली. दर न वाढवता कर दुप्पट झाला. शान्शीतल्या त्या शेतकऱ्याची अडचण दोनशे वर्षांनी पुन्हा, आता साऱ्या देशभर.

ताइपिंग बंडाच्या वेळी, १८५३ मध्ये, मालाच्या वाहतुकीवर नवी जकात बसली, पण ती प्रांतांनी बसवली आणि प्रांतांच्या फौजांनी खाल्ली. पैशाबरोबर सत्ताही बीजिंगहून प्रांतांकडे सरकली. त्यात युद्धांनंतरच्या भरपाया आल्या: १८९५ मध्ये जपानला २० कोटी लियांग आणि वर ३ कोटी, १९०१ मध्ये परकीय सत्तांना ३९ वर्षांच्या हप्त्यांनी ४५ कोटी. बंदरांची जकात तारण गेली. चिंगना कर्ज काढता येऊ लागलं तेव्हा ते विकासासाठी उरलं नव्हतं.

शेवटची ठिणगी रेल्वेच्या शेअरवरून पडली. सिचुआनमधली रेल्वे स्थानिक भांडवलातून बांधायची ठरली होती आणि त्यासाठी जमीनवाल्यांकडून पिकाचा ठरावीक हिस्सा सक्तीने घेऊन त्याचे शेअर दिले होते. म्हणजे प्रांतातला साधा शेतकरीही भागधारक होता. १९११ च्या मे महिन्यात दरबाराने मुख्य रेल्वेमार्ग राष्ट्रीय केले आणि ते बांधायला परदेशी बँकांकडून कर्ज घेतलं. पूर्ण भरपाई मिळणार नाही हे कळताच सिचुआन पेटलं. ते शमवायला हुबेमधून फौज पाठवली गेली, वुछांगची शिबंदी कमी झाली, आणि १० ऑक्टोबरला तिथल्या उरलेल्या शिपायांनी उठाव केला. चार महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १९१२ रोजी, सहा वर्षांच्या सम्राटाच्या नावाने राजत्यागाचं फर्मान निघालं.